खिशातला स्टार्टर

दिगू, ट्यूब लागली नाही.

हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तू निर्धास्त होशील आणि मलाही बाकीचं निवांत बोलता येईल. तू गेलास तेव्हा खोलीत ट्यूबचा उजेड नव्हता. माणसं जमली तेव्हाही नव्हता. तुझी लेक मीनल पुण्याहून येईपर्यंत आम्ही थांबलो होतो. तेवढ्या वेळात निम्म्या सोसायटीने ते बटण दाबून दाबून गुळगुळीत केलं, पण ट्यूबने एकदा डोळासुद्धा मिचकावला नाही. शब्द दिला होता, पाळला. मंडपवाल्याने दिलेला शब्द पाळला हे ऐकून तू तिथे उठून बसला असशील.

तुझं गाव, शिक्षण, नातीगोती हे सगळं पेपरात छापून आलं. त्यात तुला 'ज्येष्ठ पेंटर' म्हटलंय. हसू नकोस. पेंटर होतास हे खरं, पण तुझी चित्रं तळहाताएवढी. थिएटरात मध्यंतराला पडद्यावर जाहिराती पडायच्या ना, साड्यांचं दुकान, दातांचा डॉक्टर, 'लहान मूल रडत असल्यास बाहेर न्यावे', त्या काचा तू रंगवायचास. मग घरोघरी केबल आली, थिएटरं ओस पडली, आणि एका मालकाने काचा दाखवायचं जुनं यंत्र तुझ्या गळ्यात मारलं. यंत्र कसलं, बंबच तो. मागे दिवा, पुढे भिंग, मधे काच सरकवायची फट. तापलं की त्यावर पापड भाजता यायचे. मी भाजलेत. तू नेहमीप्रमाणे 'खोटं आहे' म्हणशील, पण आता लेख माझ्या हातात आहे.

आपली पहिली जोडी जमली ती मखमलाबादकडे, रंगनाथभाऊंच्या मळ्यात. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं ती. भाऊंची शेवंती आणि गुलछडी सगळ्या नाशकाच्या देवांना पुरायची, आणि पोरीचं लग्न दारातच करायचं होतं. अडचण एकच होती. घर नवं, पण समोरची भिंत गिलाव्यावाचून तशीच उघडी. नुसत्या विटा.

"लय वंगाळ दिसतंय हो," भाऊ म्हणाले. "पाव्हणे काय म्हनतील? नाना, पडदा लावून झाकून टाका."

मी पडदा काढला. चांगला जांभळा, झालरीचा. तू म्हणालास, "घडी घाल."

"अरे, गिऱ्हाईक झाक म्हणतंय!"

"गिऱ्हाईकाला भिंत दिसत नाहीये, नान्या. त्याला गिलावा नसलेला दिसतोय."

मला तेव्हा वाटलं, हा माणूस धंद्यात माझ्या मुळावर येणार. तू मळ्यात बसून काचेवर काजळी धरलीस आणि सुईने ओरखडत राहिलास. जिथे ओरखडा, तिथे उजेड. हळदीच्या संध्याकाळी यंत्र लावलंस आणि त्या उघड्या विटांच्या खिडक्या झाल्या. एकेक वीट म्हणजे एकेक खिडकी, कुठे पिवळी, कुठे केशरी, एका खिडकीत मांजर, एकीत केस विंचरणारी बाई. दारात अख्खं शहर उभं. नवरी हळदीच्या तोंडाने उठून भिंतीला हात लावून आली. रंगनाथभाऊ कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाले, "हितं कोन कोन ऱ्हातं म्हनायचं?"

दुसऱ्या दिवशी पोस्टमन तिथे पत्ता शोधत आला होता हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि तू दर वेळी कपाळाला हात लावलास. बरं, पोस्टमन सोड. भाऊंनी त्या भिंतीला आजवर गिलावा केलेला नाही, हे तरी खरं ना? आज तेराव्याला आले होते, त्यांनीच सांगितलं. पोरगी माहेरी आली की आधी भिंतीसमोर उभी राहते म्हणे.

तुझा कायदा एकच होता. भिंतीवर जे आहे ते काढायचं नाही, नाही तेवढंच काढायचं. भेगेची नदी, खिळ्याची चांदणी, पोपड्याचा ढग. भिंत जशी असेल तशी चित्रात घ्यायची. मी मांडवात हॅलोजन लावले की तू डोळ्यांवर हात धरून आत यायचास आणि म्हणायचास, "नान्या, वऱ्हाडाची झडती घेतोयस का?" तुझ्या अशा बोलण्यावर मी फार चिडायचो आणि पुढच्या लग्नात हॅलोजन निम्मे करायचो. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, आता तू मिरवू शकत नाहीस.

आणि ट्यूबवरचा तुझा राग! "ट्यूब उजेड देत नाही," तू म्हणायचास, "ती चूक काढते." तुझं चित्र रंगात आलं की कुणी तरी काका उठणारच आणि 'अंधारात दिसत नाही हो' म्हणत ट्यूब लावणारच. म्हणून कार्यक्रमाआधी तू स्टूल घेऊन फिरायचास आणि सगळ्या ट्यूबांचे स्टार्टर, ती अंगठ्याएवढी पांढरी डबडी, फिरवून फिरवून काढायचास. शर्टाचा खिसा फुगायचा. नंतर परत लावायला विसरायचास. तुझ्या घरचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा म्हणजे अर्ध्या नाशिकचे स्टार्टर. शहरात जिथे जिथे ट्यूब लागत नाही तिथे तू येऊन गेलास असं मी समजायचो.

पण आपला खरा मोठा कार्यक्रम म्हणजे हत्ती. आणि हत्तीवरून आपला वाद मिटायचा राहिला, म्हणून तो नीट लिहितो.

आपली इंदिरानगरची सोसायटी, समोरासमोर दोन बिल्डिंगा. तुझ्या बेडरूमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची बाथरूमची बाजू दिसायची. पाइप, व्हेंटिलेटर आणि ओलीचे डाग. त्या डागांवर सोसायटीच्या किती मीटिंगा वाहून गेल्या! कुणाच्या बाथरूममधून गळतंय? सगळ्यांचं बोट तिसऱ्या मजल्यावरच्या सोनवणेअण्णांकडे. अण्णा सटाण्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले, आवाज अजून स्टँडवर गाडी लावल्यासारखा. दर मीटिंगला उठून सांगायचे, "माझं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे. लिकेज वरच्यांचं आहे. लिहून घ्या!"

आणि तू महिनाभर खिडकीत चहा घेऊन बसून त्या डागांत हत्ती पाहिलास. मधला मोठा डाग म्हणजे पोट. खाली उतरलेले ओघळ म्हणजे पाय. लोखंडी पाइप म्हणजे सोंड. बाकी डोळा, सुळा, झूल, अंबारी, पायातले तोडे एवढंच तू काचेवर ओरखडलंस. सोसायटीचा वर्धापनदिन, हिवाळ्यातली संध्याकाळ. नगरसेवक येणार म्हणून चेअरमन जोशी इतके हरखले की त्यांनी सगळ्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचं ठरवलं.

दिला. आदल्या दिवशी तू काचा घेऊन भद्रकालीत गेला होतास, मी मांडवाच्या कामावर. परत येऊन बघतो तर भिंत पांढरीशुभ्र. डाग नाही, ओघळ नाही, पाइपसुद्धा पांढरा.

जोशी हात पुसत उभे. "कसं वाटतंय, दिगंबरराव? थिएटरचा पडदा करून टाकला तुम्हाला! एकच हात मारलाय चुन्याचा, पण खुलून दिसतंय की नाही?"

मी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि सांगतो दिगू, नाशकात गंगेला पूर आल्यावरही मी इतका घाबरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी अंधार पडला, सोसायटी शाली-स्वेटर घालून माझ्या खुर्च्यांवर बसली, नगरसेवकांना नारळ दिला, आणि तू यंत्र सुरू केलंस. पांढऱ्या भिंतीवर एक डोळा, एक सुळा, अधांतरी अंबारी आणि खाली चार सुटे तोडे. बास. पोरं हसायला लागली. नगरसेवकांनी मान तिरकी करून विचारलं, "हे मॉडर्न आहे का?"

तेव्हा शालिनीवहिनी बोलल्या. तुझी बायको चारचौघांत तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी उभ्या राहिल्या. "चुना ओला झाला की खालचं दिसतं," एवढंच म्हणाल्या आणि बादली घेऊन समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याकडे निघाल्या.

मग जे झालं ते मी वाढवून सांगत नाही, कारण ते वाढवता येत नाही. वहिनींनी गच्चीवरून बादली रिकामी केली. पाइपवरचा चुना पहिल्याच पाण्यात निघाला आणि काळी सोंड खाली उतरली. पोरं ओरडली, "सोंड! सोंड!" मग बायका उठल्या. पाणी दिवसातून एकदा यायचं आपल्याकडे, उद्याच्या अंघोळीचं साठवलेलं. तरी एकेका व्हेंटिलेटरमधून हात बाहेर यायला लागले, हातात मग, तांब्या, कुणाची दुधाची किटली. प्रत्येकीला आपला डाग पाठ! "ताई, थोडं डावीकडे, तिथे माझा ओघळ आहे!" "अहो, तो आमचा!" चुना ओला होत गेला, खालचा डाग वर येत गेला, पाय उभे राहिले. पण पोट येईना. पोट तिसऱ्या मजल्यावर.

सगळी सोसायटी सोनवणेअण्णांकडे बघायला लागली. अण्णा पहिल्या रांगेत, मफलर गुंडाळून. पाणी ओतायचं म्हणजे डाग आपलाच हे कबूल करायचं. जोशी हळूच म्हणाले, "अण्णा, हरकत नसेल तर..."

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं. डोळा, सुळा, सोंड, पाय आणि मधे भगदाड. त्यांचा मफलर सुटला. ताडकन उठून जिना चढले, आणि थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरून एसटी स्टँडला शोभेल असा आवाज आला, कबुलीचा आणि थेट अहिराणीत, "सरका सगळे! ते लिकेज मनं शे! मनं शे ते!"

आणि हत्तीला पोट आलं. ओलं, काळंभोर, चकाकणारं. पाणी ओघळत होतं त्यामुळे तो श्वास घेतोय असं वाटत होतं. नगरसेवक उभे राहिले. मी तर ऐकलंय की आडगाव नाक्यावर म्हशींनी माना वळवल्या. ते राहू दे. पण त्या दिवसानंतर एकाही मीटिंगला लिकेजवर भांडण झालं नाही, हे मिनिटबुकात बघून घे.

वाद हा की हत्तीला पाय किती. तू म्हणायचास तीन. पहिल्या मजल्यावरचं एक घर बंद होतं, ती माणसं नांदगावला लग्नाला गेलेली, तिथे पाणी ओतायला कुणी नव्हतं, म्हणून एक तोडा शेवटपर्यंत हवेतच राहिला, असं तू प्रत्येकाला सांगायचास. मी म्हणतो चार. अण्णांनी एवढं पाणी ओतलं, ते काय वाटेत थांबलं? वर्षानुवर्षं आपण यावर भांडलो. चहा थंड झाले, वहिनी कंटाळून आत गेल्या. तू कधी एक इंच हलला नाहीस.

मग हे आजारपण. फुप्फुसात पाणी झालंय असं डॉक्टर म्हणाले. तू ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणालास, "सोनवणेअण्णांना विचारा, त्यांचं असेल." डॉक्टरांना कळलं नाही. वहिनी आणि मी हसलो, आणि बाहेर आल्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

वॉर्डात तुझ्या बरोब्बर डोक्यावर ट्यूब. दिवसासुद्धा चालू, गुणगुणणारी, एका टोकाला काळी पडलेली. एका दुपारी तू माझं मनगट धरलंस. तुझी पकड इतकी हलकी झाली होती की मला घड्याळ निसटल्यासारखं वाटलं.

"नान्या, मरायचं मला काही नाही. याच्याखाली नको."

"काही मरत नाहीस तू."

"बाता माझ्याशी नको मारूस. शब्द दे."

दिला. आणि लगेच उद्योगाला लागलो. लागलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढून उपयोग नसतो, ती चालूच राहते, हे तूच शिकवलेलं. म्हणून मी लोडशेडिंगची वाट बघत बसलो. लाइट गेली, जनरेटर घरघरेपर्यंतच्या अंधारात स्टुलावर चढलो, स्टार्टर खिशात. लाइट आली, सगळा वॉर्ड उजळला, तुझ्यावर सावली. तू डोळे मिटून असा हसलास, दिगू, जसा काही कुणी पायातून काटा काढला.

पण सिस्टर होती मालेगावची. तिने ट्यूबकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, माझ्या खिशाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "काका, सलाइन लावायचंय. शीर दिसायला नको? द्या इकडे." द्यावाच लागला. मी हरलो असं वाटलं मला त्या दिवशी. रोज येताना एकच धास्ती, आज वरची ट्यूब चालू आणि खाली तू नसलास तर?

मीनल म्हणत होती, इथेच ठेवू, घरी काही झालं तर? तिचंही चूक नव्हतं. डॉक्टरांनीच एका सकाळी तिला बाजूला नेऊन सांगितलं की इथे आता करण्यासारखं फार उरलं नाही. ती माझ्याकडे आली, मी गप्प. मला गप्प बघून तिला सगळं समजलं. वहिनी म्हणाल्या, "घरी नेऊ. त्यांच्या खिडकीपाशी."

घरी आलास आणि पहिलं काय मागितलंस? पाणी नाही. "पुठ्ठा आण."

माझ्या हॅलोजनच्या खोक्यांचे पुठ्ठे आणून मी तुझी खिडकी बंद केली, फटींना काळा कागद. मधे एक भोक पाडायला लावलंस, पेन्सिलीएवढं. मोठं झालं म्हणून शिव्या घातल्यास. दुसरा पुठ्ठा, दुसरं भोक. ऊन समोरच्या बिल्डिंगवर पडलं होतं, आणि तुझ्या पायांकडच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला, ती सगळी बिल्डिंग उतरली. रंगांसकट, हलणारी, उलटी. आकाश खाली, रस्ता वर, आणि मधे, चुना कधीच धुऊन गेलेला, हत्तीचा डाग, पाय छताकडे.

"भिंग लावून सरळ करू का?" मी म्हणालो.

"राहू दे. आयुष्यभर काचा उलट्या घातल्या, लोकांना सरळ दिसावं म्हणून. आता माझ्यासाठी उलटं येऊ दे."

तेवढ्यात छताजवळून सोनवणेअण्णा पाय वर करून दोडके घेऊन चालले होते. तू हसलास, खोकलास, परत हसलास. मग तू बारकाईने डागाकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मोज. तीन."

"चार," मी म्हणालो.

ते आपलं शेवटचं भांडण. मीनल परत कामावर गेली, तू म्हणालास जा. तुझे शेवटचे दिवस त्या भिंतीसमोर गेले. भाजीवाला, शाळेच्या रिक्षा, वाळत घातलेल्या साड्या, सगळं तुझ्या खोलीतून उलटं ये-जा करत राहिलं. तू गेलास ते सकाळी, कोवळ्या उन्हात. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा तुझे डोळे भिंतीकडे होते आणि भिंतीवर हत्ती स्वच्छ दिसत होता. वहिनींनी मला हाक मारली. मी आलो, बघितलं, आणि मला रडू यायच्या आधी इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. कुणी तरी म्हणेल, मित्र गेला आणि याला बरं वाटतंय. वाटलं. खोटं कशाला बोलू, एवढ्या एका बाबतीत.

मग पहिलं काम केलं. स्टूल घेतलं, ट्यूबचा स्टार्टर काढला, खिशात टाकला. माणसं यायला लागली. "अहो, उजेड करा की!" बटण. काही नाही. जोशी म्हणाले, "व्होल्टेज नाही वाटतं." मी म्हणालो, "हो, सकाळपासून." तरी ते स्वतःच्या जिन्यातला स्टार्टर आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परतले, कारण तो हत्तीच्या संध्याकाळपासून तुझ्याच डब्यात आहे. मीनल आली तीही त्याच अर्धवट उजेडात. तिने तुझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवर पाहिलं. वर रस्त्यावर लोक तुझ्यासाठी जमत होते, उलटे. ती खाली बसली आणि तुझा हात हातात घेऊन तिथेच बघत राहिली. पुठ्ठा काढा असं कुणीही म्हणालं नाही.

आज तेरावं झालं. खुर्च्या टेम्पोत भरल्या आणि निघताना वहिनींना म्हणालो, "येतो." त्या दारात उभ्या राहिल्या.

"नानाभाऊजी, ट्यूब लागत नाहीये तेव्हापासून."

"व्होल्टेज असेल हो."

वहिनींनी हात पुढे केला. मालेगावच्या सिस्टरसारखाच. मी खिशातून स्टार्टर काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, आता डब्यात टाकतील. पण त्यांनी माझ्याच खिशात परत घातला आणि वर थोपटला.

"तुमच्याकडेच राहू दे. त्या खोलीत आता ट्यूब नको."

तर तो स्टार्टर हे लिहिताना समोर आहे. तुझ्या खोलीत पुठ्ठा तसाच आहे, सकाळचं ऊन आलं की हत्ती येतो. मी उद्या जाणार आहे चहाला. पाय चारच होते, दिगू. हरकत असेल तर ये, मोजून दाखव.